मुक्या माराचा इतिहास

वाचकहो, आपल्या भागात माराचे दोन प्रकार सांगतात. एक उघडा मार. त्यात कातडी फाटते, रक्त येते, आणि सारे घर धावून येते. दुसरा मुका मार. त्यात कातडी शाबूत राहते, रक्ताचा थेंबही बाहेर येत नाही. पण आतला स्नायू ठेचला जातो. बैलाने मांडीवर लाथ घातली, बंडीचे जू दंडावर आदळले, कापसाचे गाठोडे खांद्यावरून घसरून पोटरीवर पडले, कुस्तीत कोपर बरगडीशी बसले, की हा मार लागतो. अकोल्यास श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजराजेश्वराच्या जलाभिषेकासाठी गांधीग्रामहून पूर्णेचे पाणी कावडीने आणतात. त्या जड कावडी खांद्यावर वाहणाऱ्या तरुणांचे खांदे दुसऱ्या दिवशी पाहावेत, म्हणजे हा मार कसा असतो ते कळेल.

'मुका' हा शब्द आपल्या लोकांनी फार नेमका योजला आहे. जखम बोलते, हा मार बोलत नाही. आणि जे बोलत नाही त्याकडे घरात कुणी लक्ष देत नाही. पोरगं लंगडत आलं तर बाप म्हणतो, ''हाड त नाई मोडलं ना? मंग कायले रडतं?'' आजी तेल कोमट करून चोळायला बसते. पुढे काय होते हे कोणी पाहत नाही, कारण आठ-पंधरा दिवसांत बहुतेकांचे बरे होते. ज्यांचे बरे होत नाही त्यांच्या नशिबाला बोल लावला जातो. पण त्या पंधरा दिवसांत कातडीखाली काय चालते, कोणाचे बरे होते आणि कोणाचे होत नाही, हे शोधून काढायला माणसाला दीडशे वर्षांहून अधिक काळ लागला. ती हकीकत आज आपणांस सांगायची आहे. गुरुजनांनी ती विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण खेळाचे मैदान रोज त्यांच्या डोळ्यांसमोर असते.

प्रथम आपल्या घरची गोष्ट घेऊ. सुश्रुतसंहितेत आगंतुक जखमांचे, म्हणजे सद्योव्रणांचे, सहा प्रकार सांगितले आहेत : छिन्न, भिन्न, विद्ध, क्षत, पिच्चित आणि घृष्ट. यांतला 'पिच्चित' म्हणजे आघाताने किंवा दाबाने चिरडलेला, चपटा झालेला भाग. कापलेल्या अंगापेक्षा चेचलेल्या अंगाचा विचार वेगळा करावा लागतो, हे इतक्या जुन्या काळी कोणाच्या तरी ध्यानात आले होते. पुढे हे ज्ञान वैद्य, हाडवैद्य आणि तालमीतले उस्ताद यांच्या हाती राहिले. आंबेहळद उगाळून लावणे, हळद आणि चुन्याचा लेप देणे, गरम विटेने शेकणे, तेल लावून चोळणे, कामट्या लावून आवळून बांधणे, असे उपाय पिढ्यान् पिढ्या चालत आले. त्यांतले काही हितकर, काही निरुपद्रवी आणि काही घातक. पण कोणता कशात मोडतो हे वेगळे काढण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

व्यायामाच्या बाबतीत वऱ्हाडचे नाव मोठे आहे. अमरावतीस १९१४ साली वैद्य बंधूंनी एक आखाडा सुरू केला. तोच पुढे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून देशभर गाजला. १९३६ साली बर्लिन येथे ऑलिंपिक सामने भरले, तेव्हा या मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. त्यांत आपला हुतूतूही होता. १९४९ साली स्वीडनमधील स्टॉकहोम येथे भरलेल्या लिंगियाड या व्यायाम-मेळाव्यातही अमरावतीचे पथक गेले होते. मल्लखांब, कुस्ती, लाठी, लेझीम आणि हुतूतू हे सारे खेळ एका आवारात शिकवायचे म्हटल्यावर मुका मार ही तिथली रोजचीच बाब. हुतूतूत गडी पकडला की चार-पाच जण त्याच्या अंगावर कोसळतात. मल्लखांबावरची पकड सुटली की मांडी लाकडावर आदळते. ज्या गावात अशी तालीम आहे त्या गावाला मुक्या माराचा अनुभव पुस्तकातून घ्यावा लागत नाही.

पण अनुभव आणि पुरावा यांत फरक आहे. एका पहिलवानाला चोळून बरे वाटले, दुसऱ्याला न चोळता बरे वाटले. दोघांचा मार सारखाच होता की नाही हे कसे ठरवायचे? एकाला बैलाची लाथ, दुसऱ्याला गड्याचा गुडघा. एक विशीतला, दुसरा चाळिशीतला. अशा स्थितीत दहा उस्तादांची दहा मते होणारच. प्रयोगशाळेने काय केले असेल तर हा घोळ मिटवला.

पहिला धागा सापडला तो रंगाचा. मार लागला की अंग आधी तांबूस, मग काळे-निळे, पुढे हिरवट, नंतर पिवळे होते, आणि शेवटी डाग जातो. १८४७ साली रुडॉल्फ फिरखो या तरुण जर्मन डॉक्टराने शरीरात साकळलेल्या जुन्या रक्तात पिवळसर-तांबड्या स्फटिकांचे वर्णन केले. ते स्फटिक रक्तातल्याच लाल द्रव्यापासून तयार होतात आणि पित्तातल्या पिवळ्या रंगाशी त्यांचे नाते आहे, असे त्याने मांडले. कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांत जो पिवळा रंग दिसतो, तोच बरा होत आलेल्या माराच्या डागात दिसतो, हे ऐकून नवल वाटेल. पण ते खरे आहे. रक्तातले लाल द्रव्य फुटून आधी हिरवे आणि मग पिवळे द्रव्य होते. हे काम करणारे विकर १९६८ साली अमेरिकेत सापडले. म्हणजे डागाचा रंग बदलणे ही शरीराने चालवलेली साफसफाई आहे.

येथे एक धोक्याची सूचना देतो. रंगावरून मार किती दिवसांचा हे नेमके सांगता येते, अशी समजूत पुष्कळ ठिकाणी आहे. ती बरोबर नाही. १९९१ साली इंग्लंडात छायाचित्रे घेऊन केलेल्या अभ्यासात एवढेच ठरले की, पिवळा रंग साधारण १८ तासांच्या आत दिसत नाही. याहून बारीक हिशेब रंगावरून करू नये.

दुसरीही एक समजूत सुधारली पाहिजे. डाग मोठा तेवढा मार मोठा, असे आपण धरतो. वास्तविक स्नायूभोवती एक चिवट वेष्टन असते. रक्त त्या वेष्टनाबाहेर निघाले तर ते दोन स्नायूंमधून खाली उतरते आणि एक-दोन दिवसांनी मार लागला त्याच्या खालच्या बाजूस मोठा काळा डाग दिसतो. पाहणारा घाबरतो; पण हा प्रकार तुलनेने लवकर बरा होतो. रक्त वेष्टनाच्या आतच कोंडले तर बाहेर फारसे काही दिसत नाही; अंग मात्र दगडासारखे टणक होते, दुखणे वाढते, आणि बरे व्हायला वेळ लागतो. तेव्हा डोळ्यांवर विसंबू नये, हातापायाची हालचाल किती होते ते पाहावे.

आता मुख्य प्रश्न. ठेचलेला स्नायू पुन्हा भरून कसा येतो? १८६४ साली त्सेंकर नावाच्या जर्मन वैद्याने विषमज्वराने मेलेल्या रोग्यांच्या स्नायूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्या स्नायूंतले तंतू मेणासारखे झालेले होते, पण त्यांच्या शेजारी नवे तंतू उगवत असल्याच्या खुणाही त्याला दिसल्या. स्नायू नव्याने उगवू शकतो हे यातून सूचित झाले. पण कोठून? स्नायूचा तयार तंतू तर स्वतः दुभंगून वाढत नाही. मग नवे पीक कोणत्या बियाण्याचे? या प्रश्नावर जवळजवळ शंभर वर्षे वाद चालला.

उत्तर मिळाले १९६१ साली, आणि तेही बेडकाच्या पायात. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत अलेक्झांडर मॉरो हे बेडकाच्या पायाचा स्नायू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होते. तंतूच्या अंगाला चिकटून, त्याच्याच पातळ आवरणाखाली बसलेल्या लहानशा पेशी त्यांना दिसल्या. तंतूच्या भोवती उपग्रहासारख्या राहतात म्हणून त्यांना 'उपग्रह पेशी' असे नाव पडले. मॉरो यांचा लेख अगदी छोटा होता; पण त्यात त्यांनी शंका मांडली की, स्नायू दुखावल्यावर नवा स्नायू निर्माण करणारे बियाणे कदाचित हेच असावे. पुढे ते खरे ठरले. २०११ साली वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी उंदरांतल्या या पेशी काढून टाकून पाहिल्या. तेव्हा दुखावलेला स्नायू पुन्हा उगवेना.

शेतकरी बांधवांना हे लगेच समजेल. मृगाच्या भरवशावर पेरणी केली आणि पावसाने दडी मारली तर दुबार पेरणी करावी लागते. शहाणा शेतकरी त्यासाठी थोडे बियाणे वेगळे राखून ठेवतो. निसर्गाने प्रत्येक स्नायूतंतूशेजारी असेच बियाणे राखून ठेवले आहे. मार लागेपर्यंत ते निजलेले असते. मार लागला की जागे होते, दुभंगते, वाढते, एकमेकांत मिसळून नवा तंतू बनते. पण दुबार पेरणीलाही रान आधी साफ करावे लागते. मेलेले तंतू उचलून नेण्याचे काम रक्तातून येणाऱ्या भक्षक पेशी करतात. २००७ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर दाखवले की, या पेशी आधी साफसफाईच्या कामाला लागतात, आणि मग आपला स्वभाव पालटून नव्या तंतूंच्या वाढीला मदत करतात. म्हणजे माराच्या जागी येणारी सूज ही सगळीच वैरीण नव्हे. सूज वाजवीपेक्षा वाढू देऊ नये; पण औषधे खाऊन ती समूळ दडपण्याची घाईही करू नये.

या हकीकतीत मध्येच एक दुःखाचे प्रकरण येते. १९४० च्या हिवाळ्यात लंडनवर विमानांतून बाँबचा वर्षाव होत होता. घरे पडत, माणसे तुळयांखाली तासन् तास अडकत. त्यांना बाहेर काढल्यावर ती बोलत, चहा मागत. बाहेर जखमही फारशी नसे. पण लघवी कमी होत जाई, तिचा रंग गडद होई, आणि काही दिवसांत माणूस दगावे. १९४१ साली बायवॉटर्स आणि बील या दोन डॉक्टरांनी अशा चार रुग्णांची हकीकत ब्रिटिश मेडिकल जर्नल या नियतकालिकात छापली. चेचलेल्या स्नायूतून सुटलेले लाल द्रव्य रक्तावाटे मूत्रपिंडात जाते आणि तिथे अडथळा होतो, हे त्यानंतरच्या शोधातून आणि प्राण्यांवरील प्रयोगांतून स्पष्ट झाले. मुका मार माणसाचा जीव घेऊ शकतो, आणि तोही माराच्या जागेपासून दूर असलेल्या मूत्रपिंडावाटे, हे वैद्यकाला नीट उमगले ते येथे.

महाराष्ट्राला हे प्रकरण परके नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबादकडे किल्लारीचा भूकंप झाला, आणि दगड-मातीच्या जाड भिंतींखाली हजारो माणसे गेली. आपल्याकडे पावसाळ्यात जुन्या मातीच्या भिंती कोसळतात, विहिरीचे काम चालू असता दरड येते. अशा वेळी मांडी-पोटरी तासभर किंवा अधिक वेळ दबलेला माणूस बाहेर निघाला, तर तो हसतबोलत असला तरी त्याला घरी नेऊ नये. थेट दवाखान्यात न्यावे. डॉक्टर शिरेतून सलाईन देतात. शक्य असेल तिथे तर माणूस ढिगाऱ्याखाली असतानाच सुरू करतात. गाडगेभर पाणी पाजून भागत नाही.

पट्टीच्या बाबतीतही असाच एक धडा आहे. १८८१ साली फोल्कमान या जर्मन शल्यवैद्याने लिहिले की, मोडलेल्या हाताला पट्टी फार आवळून बांधली तर रक्त पोहोचत नाही, स्नायू मरतो, आणि बोटे कायमची आकसून वाकडी होतात. आपल्या खेड्यांत कामट्या आवळून बांधल्यामुळे वाकडा झालेला हात ज्याने पाहिला नाही असा म्हातारा माणूस विरळा. हाडवैद्याचा हेतू चांगला असतो. हात मात्र जातो. मुक्या मारात पट्टी न बांधताही हे घडू शकते, कारण कोंडलेले रक्त आतूनच दाब आणते.

आता प्रयोगशाळेतल्या मुख्य कामाकडे येऊ. १९७० नंतरच्या काळात फिनलंडमध्ये मार्क्कू यार्विनेन यांनी उंदरांच्या पोटरीला ठरावीक मार देऊन पद्धतशीर प्रयोग केले. प्रश्न साधा होता, आणि तालमीत रोज विचारला जाणारा होता : मार लागल्यावर पडून राहावे की हिंडावे-फिरावे? काही उंदरांचा पाय बांधून ठेवला, काहींना हालचाल करू दिली, आणि ठरावीक दिवसांनी स्नायू तपासला. निकाल असा की, दोन्ही पक्ष अर्धे बरोबर आणि अर्धे चूक. पहिल्या क्षणापासून हालचाल चालू ठेवली तर भरत आलेली जागा पुन्हा फाटते आणि मोठा वण धरतो. फार दिवस बांधून ठेवले तर वण लहान राहतो, पण स्नायू वाळतो आणि नवे तंतू आडवेतिडवे वाढतात. सुरुवातीचे थोडे दिवस विश्रांती आणि त्यानंतर हळूहळू हालचाल, यात रक्तवाहिन्या लवकर वाढतात, तंतू सरळ रांगेत येतात आणि जोर लवकर परततो.

१९९४ साली अमेरिकेत क्रिस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत आणखी काटेकोर केली. उंदराला भूल दिलेली; त्याच्या पोटरीवर ठरावीक वजन सुमारे एक मीटर उंचीवरून सोडायचे. वजन तेच, उंची तीच, जागा तीच. म्हणून प्रत्येक उंदराचा मार सारखा. माराबरोबर स्नायूचा जोर एकदम घसरला, आठवड्यात पुष्कळसा परतला, आणि तीन-साडेतीन आठवड्यांत जवळजवळ पहिल्यासारखा झाला. तालमीतल्या दहा उस्तादांच्या दहा मतांत जे नव्हते ते येथे होते : सारखा मार आणि मोजलेला जोर.

याच मंडळींनी १९९६ साली आणखी एक गोष्ट दाखवली. मार बसताना स्नायू आवळलेला असेल तर तो सैल स्नायूपेक्षा तडाखा चांगला सोसतो. आपले उस्ताद पोराला सांगतात, ''पडताना अंग ढिलं सोडू नको, आवळून धर.'' पडण्याच्या कलेत आणखीही पुष्कळ गोष्टी आहेत. पण मांडीवर गुडघा बसणार हे दिसत असताना मांडी ताठ करावी, हा तालमीचा सल्ला प्रयोगाला उतरला. अनुभवाला अशी साक्ष मिळाली की आनंद होतो.

चोळण्याच्या बाबतीत मात्र साक्ष उलटी पडली. ताज्या मुक्या मारावर जोराने चोळले, रगडले किंवा शेकले, तर बंद होत आलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा वाहू लागतात. काही वेळा त्या जागी स्नायूच्या आत चक्क हाड तयार होते. मांडीत लांबट, टणक गोळा लागतो, गुडघा पुरता वाकत नाही, आणि वर्षाचा हंगाम हातचा जातो. मालिश ही विद्या खोटी नाही. थकलेल्या अंगाला ती आराम देते. पण आज लागलेल्या माराची ती वेळ नव्हे, एवढेच.

मांडीच्या मारावर अमेरिकेतील वेस्ट पॉइंट या लष्करी विद्यालयात दोनदा नोंदी झाल्या. १९७३ साली छापलेल्या नोंदीप्रमाणे पाय सरळ ठेवून उपचार करीत. जबर मार लागलेल्या तरुणाला कामावर यायला सरासरी ७२ दिवस लागत. पुढे त्यांनी रीत बदलली. सुरुवातीला गुडघा वाकवून ठेवायचा, म्हणजे मांडीचा स्नायू ताणलेला राहतो आणि आत रक्त साठायला जागा कमी मिळते. १९९१ च्या नोंदीत जबर माराची सरासरी २१ दिवसांवर आली. औषध नवे नव्हते. पाय कसा ठेवायचा तेवढेच बदलले.

थंडाव्याबद्दलही ऐका. १९७८ साली गेब मर्किन या अमेरिकन डॉक्टराने विश्रांती, बर्फ, दाब आणि उंची ही चतुःसूत्री लोकप्रिय केली. ती जगभर पाठ झाली. पुढे त्यांनीच जाहीरपणे लिहिले की, बर्फाने दुखणे कमी होते, पण फार वेळ लावल्यास बरे होणे लांबू शकते. शास्त्राला आपलेच म्हणणे असे तपासून बदलता येते. आणि याच कारणासाठी त्यावर विश्वास ठेवायचा.

आता हळदीचे काय, असे आपण विचाराल. १९९५ साली जखम भरण्यासाठी हळद वापरण्याबद्दल अमेरिकेत एकस्व, म्हणजे पेटंट, दिले गेले. त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक अनुसंधान परिषदेचे प्रमुख आपले डॉ. रघुनाथ माशेलकर होते. परिषदेने जुन्या ग्रंथांचे पुरावे दाखल केले आणि १९९७ साली ते एकस्व रद्द झाले. आपल्या आजीचा उपाय आजीचाच राहिला. दोन वर्षांनी, १९९९ साली, हळदीतल्या पिवळ्या द्रव्याने दुखावलेला स्नायू लवकर भरतो असे अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने उंदरांवर दाखवले. पण नीट लक्षात घ्या : ते द्रव्य उंदरांच्या शरीरात टोचून दिले होते. कातडीवरचा लेप आतल्या स्नायूपर्यंत तेवढेच काम करतो, असे त्यावरून म्हणता येत नाही. लेप लावायचा तर लावा. चुना कातडी भाजतो, तो जपून. मात्र लेपाच्या भरवशावर दवाखाना टाळू नका.

येथवर वाचताना एक विचार आपल्या मनात डोकावला असेल. या उंदरांचे काय? पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद लावून शेकणारे आपण लोक. मुक्या जनावराला मुद्दाम मार द्यायचा, हे आपल्या मनाला लागते, आणि लागलेच पाहिजे. शास्त्रज्ञांनाही ते लागले. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोघा इंग्रज अभ्यासकांनी तीन नियम मांडले : जनावराशिवाय काम होत असेल तर जनावर घेऊ नये, घ्यावेच लागले तर कमीत कमी घ्यावीत, आणि त्यांना यातना कमीत कमी होतील असे करावे. आपल्या देशात १९६० साली प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा झाला. त्यात प्रयोगांवर देखरेखीसाठी समितीची तरतूद आहे. भूल न देता मार देणे, किंवा ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे तोच मार पुन्हा पुन्हा देणे, याला शास्त्र म्हणता येत नाही. आणि ज्या ज्ञानासाठी त्या जिवांनी किंमत दिली ते ज्ञान आपण वापरलेच नाही, आजही ताज्या मारावर विटेचा शेकच देत राहिलो, तर ती किंमत फुकट गेली असे म्हणावे लागेल.

म्हणून वापरायचे काय, ते थोडक्यात सांगतो. मुलाला मुका मार लागला की खेळ ताबडतोब थांबवा. ''चल ऊठ, पहिलवान ना तू?'' असे म्हणून पुन्हा मैदानात ढकलू नका. माठातल्या पाण्यात भिजवलेले फडके, किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ, दहा-पंधरा मिनिटे ठेवा. बर्फ उघड्या कातडीला लावू नका. रुंद पट्टी बेताने बांधा. बोटे गार पडली किंवा मुंग्या आल्या तर लगेच सैल करा. पाय उशीवर ठेवा. मार मांडीच्या पुढच्या बाजूस असेल तर सोसेल तितका गुडघा वाकवून ठेवा. पहिले दोन-तीन दिवस चोळणे नको, शेक नको. मग दुखणार नाही इतपत हालचाल सुरू करा, आणि दोन्ही पाय सारखे वाकू लागेपर्यंत सामना खेळू देऊ नका.

काही खुणा दिसल्या तर मात्र घरी थांबू नये. पोटरी किंवा दंड ताठ होऊन दुखणे तासातासाला वाढत असेल, बोटे हलवताना असह्य कळ येत असेल, अंग बधिर होत असेल. लघवी चहासारखी गडद होत असेल. मार पोटावर, छातीवर किंवा डोक्यावर असेल. तर रात्र असो की पाऊस असो, बंडी जुंपा, गाडी मिळवा, पण दवाखाना गाठा. 'सकाळी पाहू' म्हणून चालणार नाही. कोंडलेल्या स्नायूला काही तासांचीच मुदत असते.

शेवटी गुरुजनांशी दोन शब्द. मुका मार नेहमी बैलाचा किंवा मैदानावरचाच असतो असे नाही. छडीचाही असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास मनाई केली आहे. कायदा नसता तरी वर सांगितलेली हकीकत पुरेशी होती. छडीखाली ठेचलेला तंतू आणि लाथेखाली ठेचलेला तंतू यांत सूक्ष्मदर्शकाला फरक दिसत नाही. आपल्या वर्गातले एखादे मूल बाकावर अवघडून बसत असेल, खेळाच्या तासाला 'बरं नाही' म्हणत असेल, तर त्याला बाजूला घेऊन हळूच विचारा. घरी काय झाले, वाटेत काय झाले, ते सांगायला त्याला वेळ द्या. मार मुका असतो. मुलाला मुके राहू देऊ नका.